पुसलेली टेप

१८ जून १९८३. इंग्लंडमधले टनब्रिज वेल्स, नेव्हिल ग्राउंड. भारत ५ बाद १७. त्यानंतर कपिलदेव नाबाद १७५. चेंडू १३८, चौकार १६, षटकार ६. सय्यद किरमाणी नाबाद २४. नवव्या गड्यासाठी दोघांची अभंग १२६ धावांची भागी. भारत ८ बाद २६६. झिम्बाब्वे ३१ धावांनी पराभूत.

या खेळीचे चित्रण नाही. बीबीसीच्या तंत्रज्ञांचा संप होता, असे सगळीकडे सांगितले जाते. त्या दिवशी इंग्लंडमध्ये विश्वचषकाचे आणखी तीन सामने होते. टनब्रिज वेल्सला कॅमेरा नव्हता, एवढे नक्की. छायाचित्रे आहेत. धावफलक आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘८३’ हा चित्रपट आला. त्यात ती खेळी रणवीर सिंगने केली. मोबाइलवर फिरणारे तुकडे त्या चित्रपटातले आहेत. ते पाहणाऱ्यांतले कित्येक जण मूळ सामना पाहिल्याचे सांगतात.

१९८३ च्या त्या जूनमध्ये लातूर जिल्ह्याला वर्ष पुरे झाले नव्हते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी तो उस्मानाबादेतून वेगळा झाला. मराठवाड्यात निकाल आकाशवाणीच्या बातम्यांतून आणि वर्तमानपत्रांतून पोचत. अनंत भालेराव यांनी वाढवलेले दैनिक ‘मराठवाडा’ तेव्हा औरंगाबादहून निघत असे. आता निघत नाही.

१९८३ च्या आधीचे बरेचसे खेळ चित्रितच झाले नाहीत. नांदेड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीतला फुटबॉल संघ, हैदराबाद सिटी पोलीस, १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. अंतिम सामने मुंबईत कूपरेजवर होत. मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रोव्हर्स कपही आता खेळला जात नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नांदेड मुंबई राज्यात गेले. १ डिसेंबरला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. नेव्हिल डिसोझाचे तीन गोल. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. जकार्तातल्या १९६२ च्या एशियाडचे सुवर्णही त्यांच्याच संघाचे. पुढच्या वर्षी रहीम वारले. २०२४ मध्ये ‘मैदान’ आला. आता रहीम म्हटले की अजय देवगणचा चेहरा समोर येतो.

१९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला झाली. गदा हरिश्चंद्र बिराजदार यांनी घेतली. ते निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. देशात तेव्हा दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती. पुढे बेळगावच्या आखाड्यात त्यांनी पैलवान सतपालला हरवले. ती कुस्ती सांगणारे अजून आहेत. प्रत्येकाचा डाव वेगळा असतो. बिराजदार २०११ मध्ये गेले.

१ ऑगस्ट १९७५ रोजी सहा राज्यांतल्या २,४०० गावांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी सुरू झाली. त्यांत कर्नाटकातल्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावे होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची तबकडी होती. प्रयोग वर्षभराचा होता. ३१ जुलै १९७६ रोजी उपग्रह काढून घेतला. उमरग्यापासून शिवेपलीकडे आलेली दूरचित्रवाणी शिवेपलीकडेच बंद पडली.

१९८२ च्या एशियाडसाठी चित्र रंगीत झाले. १९८४ मध्ये देशभर जवळजवळ रोज एक प्रक्षेपक उभा राहिला. त्या लाटेत आणि तिच्यामागून जिल्ह्यांच्या गावी चित्र आले. अंबाजोगाईला उंच मनोरा झाला.

मग माळवदांवर अँटेना आले. लोखंडी पाइप, ॲल्युमिनियमच्या काड्या, चपटी दुपदरी वायर. वारा सुटला की एकाने वर जाऊन पाइप फिरवायचा. खालून आवाज द्यायचा, आलं, गेलं, थोडं मागं. दूरच्या गावांत बूस्टर लागे. तरीही पडद्यावर मुंग्या असत. चेंडू आणि मुंगी यांत फरक करता येत नसे. आता अँटेना भंगारात गेले. पाइप राहिले. त्यांवर कपडे वाळतात.

रेडिओचा आणि टीव्हीचा परवाना पोस्टात निघे. त्याचे छोटे पुस्तक असे. परवाना शुल्काची तिकिटे लावून त्यावर शिक्के मारत. १९८० च्या दशकाच्या मध्यात परवाने बंद झाले.

वेस्टनचा जुना टीव्ही गेला. डायनोरा गेला. क्राउन गेला. लाकडी खोके आणि त्याचे सरकते शटर गेले. शटरला कुलूप असे. किल्ली घरातल्या मोठ्या माणसाच्या जानव्याला किंवा करदोट्याला. स्टॅबिलायझर गेला. ग्रामपंचायतीचा सार्वजनिक संच गेला. तो चावडीत असे आणि सामन्याच्या दिवशी ओट्यावर आणून ठेवत. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत. लहान काळा-पांढरा संच तिच्यावर चाले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ढकलून सुरू करावा लागे.

दूरदर्शन सामन्याच्या मध्येच बातम्या लावत असे. बातम्या संपेपर्यंत पडलेले गडी पडद्यावर पडलेच नाहीत. कॅमेरे बहुधा एकाच टोकाला असत. एका षटकात फलंदाजाचे तोंड दिसे, पुढच्या षटकात पाठ. ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी येई. पाटी किती वेळ राहील, ते कोणालाच माहीत नसे. त्या वेळात ट्रान्झिस्टर लावत.

ट्रान्झिस्टरवरचे मराठी समालोचन बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांनी रुजवले. समालोचन थेट जाई. टेपवर घेतलेच तर स्पूल पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला लागे. स्पूल पुसायला वेगळे चुंबकी यंत्र असे. भाषणे जपली गेली, गाणी जपली गेली. खेळ हा बातमीसारखा धरला जाई. एकदा कळला की झाला.

दूरचित्रवाणीच्या पहिल्या टेपा दोन इंच रुंद होत्या. रीळ जड आणि महाग. म्हणून जगभर त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. बीबीसीने १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पुसल्या. दूरदर्शननेही टेपा पुन्हा वापरल्या. कोणी मुद्दाम नष्ट केले नाही. उद्याच्या चित्रीकरणाला टेप लागत होती.

१५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजलिसला अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचा पहिला सुपर बोल झाला. दोन वाहिन्यांनी तो दाखवला. दोघींच्याही टेपा राहिल्या नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाने त्यातला बराच भाग टेपवर उतरवला होता. मध्यंतर नाही. तिसऱ्या सत्राचा काही भाग नाही. १९६० च्या बेसबॉल मालिकेतला शेवटचा सामना डिसेंबर २००९ मध्ये गायक बिंग क्रॉसबी याच्या घरी दारूच्या तळघरात सापडला. तो त्यातल्या एका संघाचा भागीदार होता. सामना थेट पाहण्याचा धीर होत नव्हता, म्हणून त्याने तो फिल्मवर उतरवून घेतला होता.

नांदेड-लातूरकडे तळघरे होती. ती ज्वारीसाठी होती. पेवही आता बुजवले.

३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर. चेतन शर्माने न्यूझीलंडच्या रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे त्रिफळे लागोपाठ उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. मग सुनील गावसकर नाबाद १०३, एकदिवसीय सामन्यांतले त्याचे एकुलते एक शतक. अंगात ताप होता. हे चित्रण आहे. तीन चेंडू शेकडो वेळा पाहता येतात. त्या तीन चेंडूंच्या आधीचे आणि नंतरचे चेंडू सहज कुठे मिळत नाहीत.

जे उरते ते असेच उरते. चौकार, षटकार, गडी. सोडलेले चेंडू गेले. क्षेत्ररचना बदलताना गेलेला वेळ गेला. पाणी घेऊन येणारा बारावा गडी गेला. थांबवून ठेवलेला खेळ हा खेळच होता, असे जुने प्रेक्षक म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला पुरावा उरलेला नाही.

घरात व्हीसीआर थोड्यांकडेच होता. एरवी तो भाड्याने आणत. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमे, एका रात्रीचे मिळून भाडे. एका व्हीएचएस कॅसेटवर तीन तास मावत. एकदिवसीय सामना सात तासांचा. पूर्ण सामन्याला तीन कॅसेट लागल्या असत्या. तेवढे पैसे कोणी घालत नसे. शेवटची दहा षटके घेत. वीज गेली की तिथेच चित्रण संपे.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक चिपटी असे. ती तोडली की त्यावर पुन्हा काही भरता येत नसे. भोकावर चिकटपट्टी लावली की येत असे. सामन्यांच्या कॅसेटांवर चिकटपट्ट्या लागल्या. त्यांवर बारशी भरली गेली, ‘रामायण’ भरले गेले, घरातल्या मुलीचे लग्न भरले गेले. लग्न संपल्यावर टेप उरली असेल तर मागून दोन-चार षटके निघतात.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. दगडमातीची घरे बसली. माणसे गेली, त्यापुढे बाकीच्या वस्तूंची मोजणी कोणी केली नाही. कॅसेटा, संच, ट्रान्झिस्टर ढिगाऱ्यासोबत गेले.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला कोलकात्यात हीरो कपचा उपांत्य सामना झाला. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकरने तीन दिल्या. ते षटक जपले गेले. त्या स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना कोर्टात गेल्या. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी सरकारच्या एकट्याच्या मालकीच्या नाहीत, असा निकाल दिला. त्यानंतर सामन्यांचे हक्क मोकळेपणाने विकले जाऊ लागले. विकता येते ते पुसत नाहीत.

यात्रांमधल्या कुस्त्या कोणी विकत घेतल्या नाहीत. लोहा तालुक्यातले माळेगाव, लातूरचे सिद्धेश्वर. लग्नाचे शूटिंग करणारे कधी हौसेने, कधी पंचकमिटीच्या सांगण्यावरून फड चित्रित करत. खांद्यावर मोठा कॅमेरा, मागे दिवा धरणारा पोरगा. अर्धे चित्रण पागोटी आणि पाठींचे. हलगीच्या आवाजात नावे ऐकू येत नाहीत. सुरुवातीच्या रेवड्यांच्या कुस्त्या बहुधा नसतातच. तेव्हा टेप वाचवलेली असे. कॅसेटवर गावाचे नाव आणि साल असते. पैलवानांची नावे नसतात. ती सगळ्यांना माहीत होती.

नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा होत आली. मैदान मातीचे. सामन्याआधी टँकरने पाणी मारत. जुन्या सामन्यांची वर्तमानपत्री कात्रणे मिळतात. कात्रणांत गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट असते. गोल कसा झाला ते नसते.

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले. मैदानांवर मारायचे पाणी हा वादाचा मुद्दा होता. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला. त्या हंगामातला प्रत्येक चेंडू अनेक कोनांतून नोंदलेला आहे.

प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत जुने प्रक्षेपक बंद केले. सीमेवरचे आणि मोक्याचे पन्नासेक ठेवले. बंद होण्याच्या दिवशी पाहणारे फारसे कोणी नव्हते. डिश आधीच आल्या होत्या.

जुन्या सामन्यांतले जे दिसते, ते आता यूट्यूबवर दिसते. चढवणारे बहुधा हौशी. कोणाच्या तरी घरातली कॅसेट, तिच्यावरून सीडी, सीडीवरून फाइल. कोपऱ्यात दूरदर्शनचे चिन्ह, खाली दुसऱ्याच कोणाचे नाव. समालोचन कधी चित्राच्या पुढे, कधी मागे. हक्काची तक्रार आली की खाते बंद होते. खात्याबरोबर शंभर सामने जातात. ज्यांनी तक्रार केली त्यांच्याकडे ते सामने असतातच असे नाही.

घरोघरच्या उरलेल्या कॅसेटांना बुरशी लागली आहे. काळ्या फितीवर पांढरे ठिपके दिसतात. ती तशीच यंत्रात घातली तर हेडला चिकटते. पूर्वी हेड कोऱ्या नोटेने पुसत. नोट नवी आणि कडक लागे.

व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. नांदेड आणि लातूरमधले व्हीसीआर दुरुस्त करणारे मोबाइलकडे वळले. नवे हेड मिळत नाही. एक यंत्र चालवायला दोन मोडावी लागतात.