नाही म्हणायची सोय

अंगणवाडीत संशोधनासाठी शिरणं फार सोपं आहे. प्रकल्प कार्यालयातून एक पत्र मिळवायचं. मग मुख्यसेविकेचा फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी सेविकाताई सतरंजी झटकून, मुलांचे केस विंचरून दारात उभ्या असतात. खुर्ची येते, चहा येतो. ‘मुलांनो, मॅडमना नमस्ते करा’ म्हटलं की सगळे हात एकदम जोडले जातात. पुण्या-मुंबईच्या भारी फी घेणाऱ्या प्री-प्रायमरीत हेच काम करायला जाऊन बघा. संचालकांची भेट मिळता मिळत नाही, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा झडते आणि शेवटी ‘यंदा जमणार नाही’ असं गोड शब्दांत कळवलं जातं. बालशिक्षणावरचे जे प्रबंध माझ्या हाताखालून गेले, त्यांत अंगणवाड्या आणि पालिकेच्या बालवाड्यांचीच गर्दी का, याचं बरंचसं उत्तर या फरकात आहे. तिथे गरज जास्त म्हणून आम्ही तिथे जातो, असं आम्ही सांगतो. ते खोटं नाही. पण तिथे आम्हाला कुणी नाही म्हणत नाही, हेही तितकंच खरं.

मी मुळात बालवाडीतली बाई. संशोधन पुढे शिकले. नमुना कसा निवडायचा, निरीक्षणाच्या नोंदी कशा ठेवायच्या, हे रीतसर शिकवलं गेलं. नैतिकतेच्या वाट्याला एक तास आणि एक फॉर्म आला. त्या तासाला आमच्या मार्गदर्शक बाईंनी आयोवा विद्यापीठातला १९३९ सालचा प्रयोग सांगितला होता. वेंडेल जॉन्सन हे वाणीदोषांचे अभ्यासक आणि मेरी ट्यूडर ही त्यांची विद्यार्थिनी. डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातली बावीस मुलं त्यांनी निवडली. त्यांतली काही अगदी नीट बोलणारी. पण त्यांना ‘तुझं बोलणं अडखळतंय, तोंड उघडण्याआधी विचार कर’ असं महिनोन्‌महिने ऐकवलं गेलं. त्यांतली काही मुलं पुढे बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ मध्ये. आम्ही सगळ्या हळहळलो. बाई म्हणाल्या, हळहळ नंतर करा, आधी सांगा, मुलं अनाथाश्रमातलीच का घेतली? वर्गात कुणी बोललं नाही, कारण उत्तर सगळ्यांना कळलं होतं. अमेरिकेच्या १९७९ च्या बेलमाँट अहवालात हे स्पष्टच लिहिलं आहे: माणसं हाताशी आहेत, वाकवता येतात, एवढ्यासाठी त्यांच्यावर संशोधन करणं हा अन्याय आहे.

आता अंगणवाडीतल्या होकाराची उतरंड बघा. अधिकाऱ्यांनी हो म्हटलं म्हणून मुख्यसेविका हो म्हणते. तिने म्हटलं म्हणून सेविका. सेविकेला पगार नाही, मानधन आहे. वजनाच्या नोंदी, लसीकरणाच्या तारखा, आहाराचा हिशेब, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर हे सगळं तिच्या डोक्यावर. त्यात आमच्यासारखी कुणी येऊन सकाळचे दोन तास घेऊन जाते. एका ताईंनी मला हसत विचारलं होतं, ‘मॅडम, तुमचे हे दोन तास मी कुठल्या रजिस्टरात लिहू?’ पुढे आईची पाळी. सेविकेने बोलावलं म्हणून ती येते आणि अंगठा किंवा सही देते. तिच्या मनात दोनच प्रश्न असतात: यातून काही योजना लागू होणार का, आणि नाही म्हटलं तर घरी मिळणारा आहार बंद होणार का? सगळ्यात तळाशी ते चार वर्षांचं पोर. वरच्या सगळ्यांनी होकार भरल्यावर त्याच्याकडे कसला नकार उरतो?

म्हणून मी आता सुरुवात खालून करते. पत्र लागतंच, ते घेते. पण पहिल्या भेटीत ते पिशवीतून बाहेर काढत नाही. सेविकाताईंशी एकटीने बोलते आणि वेगळं असं विचारते: तुमच्या कामाच्या कुठल्या वेळेत मी आले तर त्रास होईल? ‘येऊ का?’ या प्रश्नाला त्या ‘या ना’च म्हणणार. ‘कधी येऊ नको?’ याला मात्र खरं उत्तर मिळतं. सोमवारी वजनं असतात, खिचडी वाढायच्या वेळी नको, महिनाअखेरीला तर मुळीच नको.

आयांशी बोलायची जागा अंगणवाडी नव्हे. नळावर, ओट्यावर, बचत गटाची बैठक संपल्यावर बोलावं, आणि सेविकाताई शेजारी नसताना. संमतीपत्रातलं ‘सदर संशोधनातील आपल्या पाल्याचा सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून’ हे वाक्य ज्यांनी रचलं त्यांच्या घरी तरी कुणाला ते कळत असेल का, कोण जाणे. नैतिकता समितीसाठी तो कागद असू दे. आयांना मी तोंडी सांगते: मी सरकारची नाही. माझ्याकडून काही मिळणार नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तर काही जाणारही नाही. आज ठरवू नका, उद्या सांगा. त्या ‘उद्या’ने फार फरक पडतो. रात्री घरात बोलणं होतं, सासू काहीतरी विचारते, आणि दुसऱ्या दिवशी एखादी आई येऊन म्हणते, ‘आमचा नको.’ ते ऐकून खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. बाकीच्यांच्या होकाराला मग वजन येतं.

खाऊचं काय करायचं, हा छोटा वाटणारा पण अवघड प्रश्न. आधी बिस्किटं वाटली की मुलं येतात, बसतात, सांगू ते करतात. म्हणूनच आधी वाटायची नाहीत. द्यायचं ते सगळं काम संपल्यावर, आणि ज्यांनी भाग घेतला नाही त्यांनाही तेवढंच.

आता मूल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी. बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा होकार लेखी घ्यायचा, सात ते अकरा वर्षांच्या मुलाचा पालकांसमोर तोंडी, आणि सातच्या खालच्यांच्या होकाराची नोंद करायची गरज नाही. नियम करणाऱ्यांना दोष देत नाही. तीन वर्षांच्या मुलीची सही कुठून आणणार? पण नियम इथे आपला हात सोडतात, आणि आमचं काम तिथून पुढे सुरू होतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. प्रश्न एवढाच, की जे मूल ‘मला यात भाग घ्यायचा नाही’ असं वाक्य बोलत नाही, त्याचं म्हणणं ऐकायचं कशाने?

डोळ्यांनी. लहान मुलं नाही म्हणतात, फक्त तोंडाने नाही. ‘बाई, शू लागली’, पाच मिनिटांत दुसऱ्यांदा. फ्रॉकचं टोक तोंडात जातं. उत्तर देताना नजर माझ्याकडे नसते, सेविकाताईंकडे असते. प्रश्न संपायच्या आत ‘माहीत नाही’ येतं. एखादं मूल एकदम शहाण्यासारखं वागू लागतं; आणि मला वाटतं, हाच नकार सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटतो, कारण तो आपल्याला आवडतो. प्रत्येक मुलाची खूण निराळी, आणि ती मला पहिल्या दिवशी कळणं शक्य नाही. सेविकाताईंना आणि मदतनीसताईंना ती ठाऊक असते. तेव्हा काम सुरू करण्याआधी त्यांच्याकडून शिकून घ्यायचं, आणि थांबवायचा अधिकारही त्यांना द्यायचा. रेकॉर्डरचं बटण मी मुलाच्या हातात देते. दोन-तीन वेळा ते नुसतं चालू-बंद करून बघतं, मी खरंच थांबते की नाही याची खात्री करून घेतं. त्यात फुकट जाणाऱ्या वेळाबद्दल माझी तक्रार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: एवढी मुभा दिली तर माहिती हाती काय लागणार? उलट, मुभा न देता लागलेल्या माहितीचाच भरवसा कमी. मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह यांनी १९८० मध्ये ब्रिटनमधल्या पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम अर्थहीन प्रश्न विचारले. दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? जवळजवळ सगळ्या मुलांनी उत्तरं दिली, कारणंसुद्धा दिली. मोठ्या माणसाने विचारलंय म्हणजे उत्तर असणारच, आणि ते देणं आपलं काम, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे तर ‘मॅडमना सांग बरं’ असं मागून ढोसलंही जातं. अशा वेळी मिळालेली उत्तरं तक्त्यात मांडून टक्केवारी काढली, की ती मुलांची समज मोजते की आज्ञाधारकपणा?

विल्यम कोर्सारो या समाजशास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. तो मुलांच्या खेळाच्या जागी जाऊन नुसता बसे, मुलं आपणहून बोलेपर्यंत थांबे. अमेरिकेतल्या मुलांनी त्याला ‘बिग बिल’ करून टाकलं. इटलीत त्याच्या मोडक्या इटालियनवर मुलं हसली आणि त्याला भाषा शिकवायला बसली. पण मुलाच्या जागी मोठ्याने जायचं, हे आम्हाला इटलीकडून शिकायची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात गेली. मूल येत नाही, याचा अर्थ त्यांनी मुलाचा दोष असा लावला नाही. संशोधन शिकवणाऱ्या प्रत्येक विभागात हा इतिहास पद्धतिशास्त्र म्हणून शिकवायला हवा. सध्या तो जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत असतो.

नावं बदलली की गोपनीयता झाली, असंही एक सोयीस्कर समीकरण आहे. मुलांना खोटी नावं निवडायला सांगितली तर वर्गात तीन छोटा भीम आणि दोन मोटू होतात. एखादी मुलगी ठणकावते की माझं नाव आहे तेच लिहा. हे गोड आहे, पण पुरेसं नाही. वस्तीत अंगणवाडी एक, मुलं वीस-पंचवीस. ‘आजीकडे राहणारी, एका पायाने अधू मुलगी’ असं लिहिलं की नाव बदलून उपयोग काय? सगळं गाव ओळखतं. असे तपशील कितीही बोलके असले तरी मी गाळते, आणि गाळताना लेखक म्हणून जीव तुटतो. फोटो तर मी काढतच नाही. चित्र मुलाचं असतं. मागून बघायचं, हवं तर त्याला विचारून त्याची नक्कल घ्यायची, मूळ त्याच्या घरी जातं.

एक शब्द मात्र मुलाला कधी देऊ नये: ‘मी कुणाला सांगणार नाही.’ खेळता खेळता मूल असं काही बोलून जातं की अंगावर काटा येतो. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कुणावरही, म्हणजे संशोधकावरही, ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. बऱ्याच संमतीपत्रांत ‘माहिती पूर्णतः गोपनीय राहील’ हे वाक्य आंधळेपणाने छापलेलं असतं. त्यातलं ‘पूर्णतः’ काढायला हवं, आणि का काढलं ते आईला आधीच सांगायला हवं.

आपल्या बालशिक्षणाच्या प्रबंधांत नमुन्याच्या प्रकरणात किती मुलं निवडली हे असतं, मुलगे किती, मुली किती हेही असतं. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घाला: किती मुलांनी नकार दिला, किती जणांनी अर्ध्यावर सोडलं. मार्गदर्शकांनी तो मागावा, परीक्षकांनी तोंडी परीक्षेला आधी तोच उघडावा. तीन ते सहा वयोगटाच्या अभ्यासात तिथे शून्य दिसलं, तर पुढची प्रकरणं वाचण्याआधी विद्यार्थ्याला विचारा, मुलांना नाही म्हणायची सोय कुठे ठेवली होती?