एमडी मेडिसिन आणि इंदापूर

इंदापूरहून परतताना वाटेत ऊसतोडीचा फड लागला आणि विचार सुटेना. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग ३ वर्षं एमडी मेडिसिन, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं डीएम करायचं तर आणखी ३. इतकं शिकलेला डॉक्टर इकडे यावा कसा? सर्पदंशाला, चढलेल्या शुगरला निदान इथंच, त्याच रात्री हवं असतं. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणून आशा वाटते. शिवाय एमडीच्या विद्यार्थ्यांना आता ३ महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत काम सक्तीचं आहे. ही मुदत मला तरी थोडीच वाटते. डॉ. हिंमतराव बावस्कर एमडी करून पुन्हा रायगडात, महाडला गेले आणि विंचूदंशावर प्राझोसिन वापरून माणसं वाचवली. तसा अभ्यास इंदापूर तालुक्यातल्या भिगवणच्या दवाखान्यातही व्हायला हवा.