कॉन्वी येथील ओल

वेल्समधील कॉन्वीचा दुर्ग पहिल्या एडवर्ड राजानें इ. स. १२८३ ते १२८७ या काळांत बांधविला. तो पाहून आम्ही समुद्रकांठच्या चिरंजीवांच्या कॅरॅव्हॅनमध्यें, म्हणजे चाकांवरील घरांत, उतरलों. रात्रीं पाऊस लागला आणि श्रावणांत आमच्या माजघरांत येतो तोच कुबट वास आला. खिडकीखालची फळी अंगठ्यानें दाबली, तों आंत गेली!

सकाळीं कारागीर आला. ओल मोजण्याच्या यंत्राचा कांटा वीस टक्क्यांवर गेला म्हणजे पाणी मुरलें असें समजतात. येथें तो तिसांपुढें होता. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आंत लांकडी सांगाडा. सांध्यांतील लुकण फुटलें कीं पाणी गुपचूप लांकडांत उतरतें. मजुरी मात्र गाडीच्या पाव किंमतीइतकी!

"नाना, लुकण मीच भरतों," चिरंजीव म्हणाले.

"येथें मुलें निजतात," एवढेंच सूनबाई बोलल्या.

"अरे, ओल आंत कोंडून वरून लुकण भरणें म्हणजे गळवावर चंदनाचा लेप," आम्हीं म्हटलें. अखेर एकच फळी उघडण्यापुरतें मोल द्यावयाचें ठरलें. फळी निघाली, आंतील लांकूड बोटानें चुरलें. चिरंजीवांनीं मुकाट्यानें सारें काम सांगितलें, आणि आम्हीं नातवाचें अंथरूण पलीकडे हलविलें.