छपराचा उतार

कारंजा लाड हे माझे जन्मगाव. आज ते वाशीम जिल्ह्यात आहे. परंतु हा जिल्हा १९९८ साली झाला. माझ्या लहानपणी आमचे गाव अकोला जिल्ह्यात मोडत असे.

दिल्ली वेशीजवळच्या एका बोळात आमचे मातीच्या भिंतींचे घर होते. छपरावर कुंभाराने घडविलेली अर्धगोल कवेलू. एक ओळ उताणी, तर तिच्या कडांवर दुसरी पालथी. ओसरीची वळचण इतकी ठेंगणी होती की, आल्यागेल्याला वाकूनच आत यावे लागे. मित्रांच्या उंच घरांपुढे मला आपल्या घराची लाज वाटे. एका उन्हाळ्यात शाकारणी निघाली, तेव्हा मी बाबांच्या मागे लागलो, "बाबा, ओसरीची भिंत दोन हात उंच करा ना!"

म्हातारे सुतारबाबा म्हणाले, "भिंत चढवाल, तर आढेही चढवा. नाहीतर उतार मरेल." पण आढे उचलायचे म्हणजे नवे लाकूड घेणे आले. तेवढा पैसा घरात नव्हता. माझा हट्ट मात्र होता. अखेर बाबांनी नुसती भिंत चढविली. ओसरी ऐटदार दिसू लागली आणि मी मित्रांना मुद्दाम घरी बोलावले.

मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री वाऱ्यासह आला. जागोजागी पाणी ठिबकू लागले. आम्ही परात, तांबे, घमेली मांडीत राहिलो. पेरणीसाठी राखलेल्या ज्वारीच्या पोत्याकडे अंधारात कोणाचेच लक्ष गेले नाही. तिसऱ्या दिवशी पोते सोडले, तो दाण्यांना मोड आलेले! बाबांनी मूठभर दाणे हातात घेतले आणि काही न बोलता परत ठेवले. छडीने लागले नसते, इतके ते मौन मला लागले.

दुसऱ्या दिवशी सुतारबाबांनी मला जवळ बसविले. "आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवे अंतर आठ हात. आढे भिंतीहून चार हात उंच होते. म्हणजे दोन हातांमागे एक हात उतार. भिंत दोन हात चढली. आता किती राहिला?"

"चार हातांमागे एक," मी खाली मान घालून म्हणालो.

त्यांनी एका फळीवर, वरच्याचे टोक खालच्यावर येईल अशी कवेलू मांडली. फळी थोडीच कलती धरून वरून पाणी ओतले. "आता तू वारा हो," ते म्हणाले. मी खालून फुंकर घातली. संथ वाहणारे पाणी मागे सरून सांध्यात शिरले. फळी अधिक उचलली, तेव्हा पाणी माझ्या फुंकरीला न जुमानता धावत निघून गेले. शेवटी चढ आडव्या अंतराएवढा, म्हणजे ४५ अंशांचा केला. तो कवेलूच खडखडत खाली आली.

"पाहिलेस? उतार कमी, तर पाणी हलत नाही. फार झाला, तर कवेलू ठरत नाही."

पुढे मी कोकणात गेलो. तेथे वऱ्हाडाच्या तिपटीहून अधिक पाऊस पडतो आणि छपरेही अधिक उभी असतात. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनच्या कारखान्यात मंगलोरी कौले होऊ लागली. त्यांच्या पाठीला खुंट्या असतात; त्या रिपेला अडकतात, म्हणून ती उभ्या उतारावरही टिकतात. लडाखात पाऊस अगदी थोडा. तेथील जुनी घरे सपाट छपरांची. घराचे छप्पर पाहावे आणि तेथला पाऊस ओळखावा!

त्या वर्षी शेजाऱ्यांकडून उसने बियाणे आणून आम्ही पेरणी उरकली. पावसाळा घमेली मांडीत काढला. दिवाळीनंतर बाबांनी भिंत पुन्हा उतरविली. त्या दिवशी मातीची टोपली मी आपणहून उचलली. ओसरी पूर्वीसारखी ठेंगणी झाली. तिच्याखालून वाकून जाताना मला मग कधीच लाज वाटली नाही.