उरवलेल्या वाटा

एडिंबऱ्याचा रॉयल माइल वरून खाली चालत यावा. वर किल्ला, खाली होलीरूडचा राजवाडा, मधे सगळा उतार, आणि उताराच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारख्या निघालेल्या बोळी. तिथे या बोळींना ‘क्लोज’ म्हणतात. काही इतक्या चिंचोळ्या की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावायची. हा उतार कुणा राजाने आखलेला नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेल्या ज्वालामुखीचा गाभा टणक राहिला, हिमयुगातला बर्फ त्याला वळसा घालून पुढे सरकला आणि गाभ्याच्या आडोशाला मऊ खडकाची लांब शेपटी वाचली. किल्ला गाभ्यावर बसला, गाव शेपटीवर. शेपटीला रुंदी नव्हती, म्हणून घरं उंच होत गेली. एकाच जिन्याच्या मधल्या मजल्यांवर पैसेवाले आणि अगदी खाली नि अगदी वर गरीब, अशी माणसांची उतरंड रचली गेली. मोटारीत बसून हे कळत नाही. पोटऱ्या भरून आल्या की मग भूगोल, सुरक्षितता आणि जागेची टंचाई या तिन्ही गोष्टी एका उतारात कशा मावल्या ते उमगतं.

हे शहर पायी पाहण्याजोगं का राहिलं, याला ‘ते जुनं आहे म्हणून’ असं उत्तर देऊन आपण मोकळे होतो. मला हे उत्तर आळशी वाटतं. 1767 साली जेम्स क्रेगचा आराखडा मंजूर झाला आणि दरीपलीकडे सरळ, रुंद रस्त्यांचं ‘नवं शहर’ उभं राहू लागलं. ऐपत असलेली माणसं तिकडे गेली. जुन्या शेपटीवर उरली ती गर्दी, घाण आणि रोगराई. शंभर वर्षांत त्या बोळींची अशी दशा झाली की सुधारणेच्या कायद्याखाली त्या पाडायला सुरुवात झाली, आणि पाडणाऱ्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती. त्याच काळात, 1886 मध्ये, पॅट्रिक गेडीस नावाचा जीवशास्त्रज्ञ लग्न झाल्या झाल्या बायकोला, ॲनाला, घेऊन त्या वस्तीतल्या जेम्स कोर्टात राहायला गेला. दोघांनी भिंती धुतल्या, रंगवल्या, शेजाऱ्यांना हाताशी धरलं, उकिरड्यांच्या जागी लहान लहान बागा केल्या, पडकी घरं दुरुस्त करून विद्यार्थ्यांना राहायला दिली. जे सावरणारच नाही तेवढंच काढायचं आणि त्या जागेतून उजेड-वारा आत घ्यायचा, बाकीचं राखायचं, ही त्याची रीत. 1995 साली एडिंबऱ्याचं जुनं आणि नवं शहर मिळून जागतिक वारसा ठरलं. आज पर्यटक ज्या बोळीला जुनी म्हणून दाद देतो, ती वयाने टिकलेली नाही, कुणीतरी उरवलेली आहे. आणि काय उरवायचं, हे त्या बोळीतून रोज पायी जाणाऱ्यालाच ठरवता आलं.

गोंदियाच्या कुशीतल्या मुर्रीत बसून स्कॉटलंडचं हे पुराण कशाला, असं कुणी विचारील. एक धागा तर सरळ आहे: हाच गेडीस 1914 मध्ये भारतात आला, गावोगाव पायी हिंडला आणि शहरांचे अहवाल लिहीत सुटला. त्यात आपलं नागपूरही होतं. पुढे 1919 ते 1924 तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्याच हाताखालून विलायतेला गेले. पट्टी धरून जुन्या मोहल्ल्यांतून सरळ रस्ता ओढणाऱ्या इंजिनिअरांवर त्याचा राग होता. आधी गल्लीगल्लीत चाला, विहीर कुठे, पार कुठे, देऊळ कुठे, बाया पाणी कुठून आणतात ते पाहा, मग पेन्सिल उचला, असं त्याचं म्हणणं. एडिंबऱ्याच्या उतारावर शिकलेला धडा त्याने आपल्या सपाटीवर आणला. तेव्हा हा विषय मुर्रीला परका नाही. नागपूरमार्गे तो शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे.

दुसरा धागा पवनीचा. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आपण सगळे भंडारा जिल्ह्यातच होतो, म्हणून पवनी घरचीच. वैनगंगेच्या काठावरचं हे गाव एका बाजूला नदी आणि बाकी बाजूंना मातीचा प्रचंड तट नि खंदक घेऊन बसलं आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडी खणली तेव्हा खाली स्तूप निघाला, ब्राह्मी अक्षरं कोरलेले कठड्याचे दगड निघाले. एडिंबऱ्याचा किल्ला बांधायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, त्याच्या कैक शतकं आधी पवनीत भिक्षू प्रदक्षिणा घालत होते. वयावरच सगळं ठरत असतं तर पवनीच्या घाटांवर जगभरची पावलं पडायला हवी होती. ती पडत नाहीत. वय पवनीकडे आहे. ते पायी वाचता यावं अशी सोय, वाट, दोन ओळींची पाटी आणि आपल्याच माणसांची ये-जा नाही. पुरावा जमिनीत असून भागत नाही, तो कुणाच्या तरी वाटेवर यावा लागतो.

आता मुर्री. इथे किल्ला नाही, स्तूप नाही. गोंदिया शहर तरी कुठलं जुनं? ते मोठं झालं रेल्वेने. 1880 च्या दशकात नागपूरकडून छत्तीसगडाकडे लोहमार्ग गेला, विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यात चढणारी अडीच फुटी छोटी गाडी इथून निघाली आणि धान, बिडी, तेंदूपत्ता, लाख यांचा बाजार स्टेशनाभोवती गोळा झाला. छोटी लाइनही आता मोठी होऊन गेली. मग पाहायचं काय? माझं म्हणणं, नावांपासून सुरुवात करावी. गोंदिया हे नाव गोंदावरून पडलं असं सांगतात. डिंकाच्या रानाची आठवण शहराच्या नावात चिकटून आहे. मरारटोली हे नाव उच्चारलं की भाजीचे मळे पिकवणारा समाज आणि त्याची वेगळी टोली समोर येते. छोटा गोंदिया म्हटलं की आपोआप मनात येतं, मग मोठं आधी की हे? शहराच्या कडेला मुर्रीसारखं गाव आणि त्याच्या बांध्या यांच्यावर नवे प्लॉट पडत जातात, तेव्हा जुना धुरा कुठे तरी नव्या रस्त्याचं वळण होऊन बसतो. लेआउटच्या नकाशात त्या वाकड्या वळणाला कारण नसतं. पायाला ते सापडतं: इथे बांधी संपत होती.

यावर पहिला आक्षेप उन्हाचा. एडिंबऱ्यात गार वारा असतो, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तिथे पायी फिरण्याच्या गोष्टी कुणी कराव्यात! आक्षेप खरा, पण अर्धा. आपल्या जुन्या गल्ल्या अरुंद ठेवल्या होत्या त्या उन्हासाठीच. एका घराची सावली दुसऱ्याच्या ओट्यावर पडे. एडिंबऱ्यात बोळ वारा अडवतो, नागपूरच्या जुन्या महाल भागात ऊन अडवतो. रस्ता रुंद केला की सावली पहिली जाते आणि मग आपणच म्हणतो, इथे चालता येत नाही. शिवाय चालणं आपल्याला कुणी नव्याने शिकवायचं आहे का? पंढरीची वारी, देवळाची प्रदक्षिणा, पावसाळ्यात रोवणीला चिखलातून जाणाऱ्या बायांच्या रांगा. आपण फक्त पाहण्यासाठी चालायचं विसरलो. सकाळी सहाला निघावं, दहाला परतावं. वेळ ठरवण्याइतकी अक्कल विदर्भाला उन्हानेच दिली आहे.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो झटकून टाकणं मला जमत नाही. जुन्या गावाच्या गल्ल्यांचं कौतुक कोण करतं? ज्याला त्या गल्लीतून हाकललं गेलं नाही तो. गावाची रचना ही जातींची रचना होती. कोणाची टोली पाण्याजवळ आणि कोणाची वेशीबाहेर, हे काही भूगर्भाने ठरवलं नव्हतं. रुंद रस्ता, नळ, गटार, अँब्युलन्स दारापर्यंत येणं, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालं नाही त्यांना ‘हे वाकडं वळण राखा’ असं सांगणं उद्धटपणाचं होईल. म्हणून गेडीसची रीत नुसती रमणीय म्हणून घेऊ नये. त्याच्या पद्धतीत गटार आधी होतं, बाग मग. इंदुरात त्याने दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न नेता ज्या वस्त्या सर्वांत स्वच्छ झाल्या त्यांच्यातून नेली. मिरवणूक येणार म्हणून कधी न विचारल्या गेलेल्या गल्ल्याही झाडल्या गेल्या, दारं रंगली. आणि वेशीबाहेरची टोली नकाशावर दिसत नाही, चालताना मात्र टाळता येत नाही. एडिंबऱ्याचा पर्यटकही एकाच दिवसात क्लोजमधून नव्या शहराच्या रुंद चौकात जातो तेव्हा त्याला श्रीमंतांनी गरिबांना कसं मागे टाकलं, हे दहा मिनिटांच्या अंतरात दिसतं. उरवणं म्हणजे लपवणं नव्हे. अन्यायाचाही पत्ता टिकला पाहिजे.

एक गोष्ट एडिंबऱ्याकडून मुळीच घेऊ नये. जुन्या शहराच्या उत्तरेला नॉर लॉक नावाचा, माणसांनीच अडवून केलेला तलाव होता. गाव सगळी घाण त्यात सोडी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उपसायला घेतला. आज त्या खोलगटात बाग आहे आणि वेव्हर्ली स्टेशन आहे. सडक्या तलावाबद्दल तिथे कुणी अश्रू ढाळत नाही. आपली गोष्ट निराळी. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, ज्यांना सरकारी कागदात ‘माजी मालगुजारी’ आणि बोलण्यात चक्क ‘मामा तलाव’ म्हणतात, ते या जिल्ह्याचे किल्ले आहेत. उतार एडिंबऱ्यात डोळ्यांना दिसतो, इथे तो पाण्याला दिसतो. वरची बोडी भरली की सांडवा खालच्या बांधीत, तिथून पुढच्या बोडीत, अशी ती उतरण. बोडी बुजवून प्लॉट पाडले तरी जुलैतलं पाणी जुन्याच नकाशाने येतं आणि नव्या घराच्या ओसरीत थांबतं.

तेव्हा मुर्रीकडून स्टेशनकडे पायी निघणाऱ्याने तटबुरूज शोधू नयेत. पाळ कुठे सुरू होते, रस्ता विनाकारण कुठे वळतो, कुठल्या चौकात मराठी मागे पडून हिंदी पुढे येते आणि कुठल्या ओट्यावर पोवारी ऐकू येते, एवढं टिपावं. मग एखाद्या राईस मिलच्या भिंतीशी पोचेपर्यंत उसना धान वाफवल्याचा गोडसर, जड वास यायला लागतो. भिंतीपलीकडे कोंड्याचा ढीग असतो आणि वाऱ्यावर उडालेली तुसं सायकलवाल्यांच्या भुवयांवर बसलेली असतात.