नखरेल विषाणू आणि वेगळा कप

एचआयव्ही कसा पसरतो, हे शाळेतल्या पोस्टरपासून आपल्याला पाठ आहे. असुरक्षित संबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई, आईकडून बाळाला. ओके. पण शरीरात गेल्यावर तो पेशीत नेमका शिरतो कसा? एका हेल्थ स्टोरीसाठी वाचताना मला याचं उत्तर मिळालं आणि कळलं, की हा विषाणू भलताच नखरेल आहे!

त्याच्या अंगावर प्रोटीनचे मोजके काटे असतात. काट्याचं टोक म्हणजे जीपी १२०, देठ म्हणजे जीपी ४१. आपल्या काही पांढऱ्या पेशींवर सीडी ४ नावाचं प्रोटीन असतं. जीपी १२० आधी त्याला चिकटतं. हे १९८४ मध्येच कळलं होतं. पण तेवढ्यानं दार उघडत नाही. चिकटल्यावर जीपी १२० आकार बदलतं आणि दुसरा आधार शोधतं. बहुतेक वेळा तो असतो सीसीआर ५, ज्याचा शोध १९९६ मध्ये लागला. भारतात सर्वाधिक आढळणारा 'सी' उपप्रकार मुख्यतः हाच वापरतो. दोन्ही जुळलं, की जीपी ४१ गळासारखं पेशीत रुततं, दुमडतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं. झालं, एन्ट्री!

सीसीआर ५ नसेल तर? २००७ मध्ये बर्लिनला टिमोथी रे ब्राउन यांना अशाच एका दात्याच्या मूळपेशी दिल्या गेल्या. औषधं बंद करूनही त्यांच्यात विषाणू परतला नाही.

हे वाचताना मला आमचं कन्नड आठवलं. (कर्नाटकाशी संबंध नाही हं! छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, औट्रम घाटाजवळचं तालुक्याचं गाव.) आमच्या गल्लीतले एक काका ट्रक चालवायचे. ते पॉझिटिव्ह असल्याची कुणकुण लागली आणि घरोघरी त्यांचा कप वेगळा झाला. काकांना ते कळायचं. मग ते "नको, आत्ताच झालाय चहा" म्हणायला लागले. सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधं मोफत मिळत होती, पण कुणी बघेल या धास्तीनं त्यांचे डोस चुकत गेले. काका गेले तेव्हा त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, नववीत.

कपावर ना सीडी ४ असतं, ना सीसीआर ५. कपातून, मिठीतून, एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही पसरत नाही. विषाणूला पेशीत शिरायला दोन खुणा पटाव्या लागतात, आपल्या भीतीला मात्र नुसती कुजबुज पुरते.

आज नियमित औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. नोकरीत भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. शेजारच्या क्युबिकलमधलं कुणी रोज एक गोळी घेत असेल, तर ती कसली हे विचारू नका. लंचला डबा मात्र शेअर करा.