विवाहाचा वाढदिवस भंडारदऱ्याच्या काठी

विवाहाला चाळीस-पन्नास वर्षे पूर्ण होत आली, की घरात बेतांची कुजबुज सुरू होते. मुले सभागृह पाहू लागतात, पाहुण्यांच्या याद्या होतात. ज्यांचा तो दिवस, त्या दोघांच्या मनात मात्र पुष्कळदा निराळेच असते. पाण्याकाठी दोन दिवस शांत बसावे आणि पायांत बळ आहे तोवर एखादा डोंगर चढून यावा, एवढेच त्यांना हवे असते. ही इच्छा अवाजवी नाही. तिला फक्त विचारपूर्वक आखणी हवी. कारण इतक्या वर्षांच्या सहजीवनात दोघांची मने जुळलेली असली, तरी पावलांचा वेग आता एक राहिलेला नसतो. एकाचे गुडघे थकलेले असतात, तर दुसऱ्याचे पाय शाबूत असूनही सोबतीला बांधलेले असतात.

अशा दोघांसाठी पाणी आणि डोंगर शेजारी शेजारी असलेले ठिकाण निवडावे. अकोले तालुक्यातील भंडारदरा हे तसे ठिकाण आहे. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि सह्याद्रीच्या कुशीत एक विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. त्याच्या एका अंगाला रतनगडाचे कडे, तर जवळच महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई. एकाने काठावर विसावावे, दुसऱ्याने चढण चढावी आणि संध्याकाळी चहाला दोघांनी एकत्र यावे, हे येथे सहज साधते.

तारीख घरची, सहल ऋतूची

आपल्याकडील पुष्कळ विवाह वैशाखातले, म्हणजे भर उन्हाळ्यातले. त्याच तारखेला सहल काढण्याचा हट्ट धरू नये. मे महिन्यात उघड्या कातळावरचे ऊन वयस्कर शरीराला सोसत नाही आणि जूननंतर या भागात पाऊस इतका कोसळतो, की वाटा निसरड्या होतात. त्या दिवशी घरी औक्षण करावे, गोडधोड करावे आणि सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान ठेवावी. तेव्हा हवा स्वच्छ असते. मात्र रात्री चांगलाच गारठा पडतो. स्वेटर, कानटोपी व पायमोजे विसरू नयेत.

मधल्या महिन्यांचाही उपयोग होतो. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांची भेट घ्यावी आणि “आम्ही फिरायला जातो आहोत” एवढेच न सांगता किती चालणार, किती चढणार हे स्पष्ट सांगावे. त्यांनी होकार दिल्यास सहा ते आठ आठवडे आधीपासून रोज चालण्याचा सराव ठेवावा आणि हळूहळू जिने चढण्या-उतरण्याची सवय करावी. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले, की थांबावे.

मुंबईकडून घोटीमार्गे, तर पुण्याकडून संगमनेर-अकोले-राजूर मार्गे जाता येते. कुठूनही निघालात तरी काही तासांचा प्रवास आहे. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चालावे, म्हणजे पायांना सूज येत नाही. वाटेत लघवीला लागेल म्हणून पाणी कमी पिणे किंवा लघवीची गोळी आपल्याच मनाने टाळणे, ही वयस्करांची नेहमीची चूक. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारावे. औषधे सामानात खोल न ठेवता हातातील पिशवीत ठेवावीत. मुक्कामाची खोली तळमजल्यावर मागावी आणि शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का, हेही आधीच विचारावे. उशाशी विजेरी असावी. परक्या खोलीत रात्री अंधारात उठताना पडण्याचा धोका डोंगरावरील धोक्याहून कमी नसतो.

पाण्याकाठचा दिवस

पहिला दिवस जलाशयाला द्यावा. सकाळी पाण्यावर धुके असते; ते विरू लागले, की समोरचे डोंगर एकामागून एक प्रकट होतात. हे पाहण्यासाठी खुर्ची आणि शाल पुरेशी आहे. नौकाविहार करायचा असेल, तर अंगरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसू नये आणि चढता-उतरताना कोणाचा तरी हात धरावा. त्यात संकोच कसला?

दुपारच्या विश्रांतीनंतर वाहनाने रतनवाडीला जावे. येथील अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. गाडी गावापर्यंत जात असल्याने काठी घेऊन चालणाऱ्यालाही हे दर्शन घडते. घाई करू नये. जवळची पुष्करिणी पाहावी, थोडे बसावे, मग परतावे.

डोंगराचा दिवस

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर जाणवू लागतो. तेव्हा येथे दम लागला, तर दोष उंचीला न देता आपल्या श्रमाकडे व हृदयाकडे लक्ष द्यावे. बारी गावातून वाट वर जाते. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. धडधाकट माणसालाही शिखर गाठण्यास सुमारे तीन तास लागतात आणि उतरण चढणीपेक्षा गुडघ्यांची अधिक परीक्षा घेते. म्हणून पहाटे निघावे, सोबत काठी व वाट माहीत असलेला स्थानिक माणूस असावा आणि परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून यावी. ती वेळ झाली, की शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी वळावे. छातीत दडपण, चक्कर किंवा दरदरून घाम आल्यास “थोडेसेच राहिले” म्हणून पुढे जाऊ नये. तेथेच बसावे आणि मदत मागावी. मधुमेह असणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

शिखरावर कळसूबाईचे लहानसे मंदिर आहे आणि ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी चढणीच्या खालच्या टप्प्यातही देवीचे मंदिर आहे. तेथे हात जोडून परतणाऱ्याची यात्रा कोणी अपुरी मानीत नाही. आपणही मानू नये.

मागे थांबणाऱ्याचा दिवस

या देवीची लोककथा मोठी सूचक आहे. कळसू नावाची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, ही तिची अट होती. अट मोडली गेली, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली आणि तेथेच राहिली.

ज्या घरात एक जण वर्षानुवर्षे दुसऱ्याची शुश्रूषा करीत आहे, त्या घराने ही कथा आठवावी. पतीला गोळ्या देणारी, उठवणारी, बसवणारी पत्नी किंवा पत्नीसाठी हेच करणारा पती स्वतःहून “मला डोंगर चढायचा आहे” असे म्हणत नाही. म्हणून मुलांनी त्या दिवशी मागे थांबणाऱ्याची जबाबदारी घ्यावी. त्याच्या औषधांच्या वेळा लिहून घ्याव्यात, वेळेवर जेवू घालावे, पत्ते खेळावेत, जुन्या गोष्टी ऐकाव्यात. मागे राहणाऱ्यानेही “तू जा, मी ठीक आहे” हे शब्द स्वतःच्या तोंडाने आणि मनापासून उच्चारावेत. वाढदिवसाची याहून मोलाची भेट दुसरी नाही. सोबत्याला निरोप देणे म्हणजे त्याच्या आयुष्यातून वजा होणे नव्हे.

संध्याकाळी डोंगरावरून आलेले माणूस थकलेले पाय पसरून बसेल, काठावर दिवस घालविलेले माणूस पाण्याने बदललेले रंग सांगेल. एकाने पाहिलेले दुसऱ्याला सांगण्यासारखे काही आहे, हे कळायला पुष्कळदा असे दोन निरनिराळे दिवसच लागतात. तेव्हा यंदाची तारीख जवळ आली असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या सोबत्याला एकच प्रश्न विचारा : “तुला खरोखर काय पाहायचे राहिले आहे?” आखणी त्या उत्तरापासून सुरू करा.